मावळायला तयार नसलेला सूर्य

१९३८ सालच्या एका कार्टूनमध्ये सूर्य मावळायला तयार होत नाही. निवेदक भरल्या गळ्याने सांगतो, की आता सूर्य पश्चिमेला बुडतो आहे आणि आपण या रम्य बेटाचा निरोप घेत आहोत. सूर्य जागचा हलत नाही. निवेदक तेच पुन्हा म्हणतो, पुन्हा म्हणतो, सूर्य तिथेच. या कार्टूनमध्ये एग्हेड नावाचा एक बुटका सुरुवातीपासून अधूनमधून पडद्यावर येतो. ‘मालक, आता?’ असं विचारतो, ‘अजून नाही’ असं उत्तर घेतो आणि निघून जातो. तो कशासाठी विचारतो आहे, हे कोणालाच कळत नाही. शेवटी निवेदक म्हणतो, ‘हं, आता.’ एग्हेड बंदूक काढतो आणि सूर्याला गोळी घालतो. सूर्य खाली पडतो, बेटावर अंधार होतो, कार्टून संपतं.

या कार्टूनचं नाव ‘द आइल ऑफ पिंगो पाँगो’ आणि दिग्दर्शक टेक्स एव्हरी. त्या काळी अमेरिकेत मुख्य सिनेमाच्या आधी जेम्स फिट्झपॅट्रिक यांचे प्रवासपट दाखवत. एमजीएम कंपनीची ही ‘ट्रॅव्हलटॉक्स’ मालिका १९३०मध्ये सुरू झाली होती. दूरदेशीची दृश्यं, त्यावर फिट्झपॅट्रिक यांचा गोडवा ओसंडणारा आवाज आणि शेवटी ठरलेला सूर्यास्त. प्रेक्षकांना तो सूर्यास्त पाठ झाला होता. एव्हरी यांनी तो नेमका हेरला, थांबवला आणि पाडला. विडंबन आणि पालुपद, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच गोळीत बसवल्या.

मी मुंबईत अ‍ॅनिमेशनचं काम केलं. लाइटबॉक्सवर वाकून, पेगबारवर कागद अडकवून, पेन्सिलीने. नंतर शिकवायला लागले. विद्यार्थी विनोदाची व्याख्या विचारतात तेव्हा मी त्यांना हा सूर्य दाखवते. फिट्झपॅट्रिक हे नाव त्यांनी कधीच ऐकलेलं नसतं, तरी ते हसतात. ज्याची नक्कल केली तो माणूस विस्मरणात गेला, प्रवासपटांचा तो प्रकारही गेला, आणि नक्कल जिवंत आहे. असं का होतं, हा प्रश्न मला माझ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटत आला आहे. माझं उत्तर असं, की अशी नक्कल ओळखीवर जगत नाही, ती हातातल्या कामावर जगते. काळ, हालचाल, थांबा, आवाज हे सगळं कोणीतरी मोजून बसवलेलं असतं, आणि ओळख पुसली तरी ते मोजमाप पुसलं जात नाही.

हे मोजमाप करणारी माणसं हॉलिवूडमध्ये सनसेट बुलेव्हार्डवरच्या वॉर्नर ब्रदर्सच्या आवारात बसत. निर्माते लिऑन श्लेसिंगर यांनी १९३३मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला आणि कार्टून बनवून ती वॉर्नरला द्यायला सुरुवात केली. ‘लूनी ट्यून्स’ ही मालिका त्याआधीच, १९३०मध्ये सुरू झाली होती. वॉर्नरकडे संगीत प्रकाशनाचा मोठा साठा होता आणि कार्टूनमधून त्या गाण्यांची जाहिरात व्हावी हा सरळ धंदेवाईक हेतू होता. १९३५मध्ये टेक्सासचे टेक्स एव्हरी आले. त्यांना आणि त्यांच्या हाताखालच्या चक जोन्स, बॉब क्लॅम्पेट अशा तरुणांना आवारातली एक जुनी लाकडी इमारत दिली. तिला वाळवी लागलेली होती, म्हणून पोरांनी तिचं नाव ‘टर्माइट टेरेस’ ठेवलं. पुढे सगळ्या स्टुडिओलाच लोक या नावाने ओळखू लागले.

त्या इमारतीतलं वेळापत्रक ऐकलं की अंगावर काटा येतो. एका दिग्दर्शकाने वर्षाला साधारण दहा कार्टून द्यायची, म्हणजे एकाला पाच आठवडे. लांबी सुमारे ५४० फूट. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, त्यामुळे ५४० फूट म्हणजे बरोबर सहा मिनिटं. एकदा काढलेलं चित्र कापून टाकणं परवडायचं नाही, म्हणून संकलन नंतर नव्हतं, आधीच होतं. दिग्दर्शक एक्सपोझर शीटवर आधी प्रत्येक फ्रेम लिहून काढी, मग चित्रं काढली जात. सेकंदाला २४ फ्रेम. सबंध विनोद पेन्सिल उचलण्याआधी मनात घडलेला असायचा.

गोष्ट ठरवण्यासाठी बैठक व्हायची. मायकेल माल्टीज, टेड पिअर्स, वॉरन फॉस्टर हे लेखक आणि सगळे दिग्दर्शक एकत्र जमत. जोन्स यांनी या बैठकीचा एक नियम लिहून ठेवला आहे: पहिले दोन तास कोणीही ‘नाही’ म्हणायचं नाही. कल्पना आवडली नाही तर गप्प बसायचं, पण नकार द्यायचा नाही. मी माझ्या वर्गात हा नियम लावते. पहिल्या दिवशी पोरांना तो फार कठीण जातो, कारण आपल्याकडे हुशारी बहुधा खोट काढण्यातून सिद्ध करायची असते.

नक्कल करायला बघावं लागतं. १९४१च्या ‘हॉलिवूड स्टेप्स आउट’मध्ये एव्हरी यांनी सिरोज या नाइटक्लबमध्ये अख्खं हॉलिवूड जेवायला बसवलं. जेम्स कॅग्नी, हम्फ्री बोगार्ट आणि जॉर्ज राफ्ट हे पडद्यावरचे तीन गुंड डोकी जवळ आणून काहीतरी भयंकर धोक्याचं करायचं ठरवतात. मग उठतात, आणि भिंतीपाशी नाणी फेकण्याचा पोरखेळ सुरू करतात. राफ्टने १९३२च्या ‘स्कारफेस’मध्ये नाणं उडवत उभं राहण्याची लकब लोकप्रिय केली होती. त्या लकबीतला पोरकटपणा एव्हरींच्या नजरेने टिपला होता. त्याच कार्टूनमध्ये ग्रेटा गार्बोच्या पायांच्या मापावर केलेला विनोद मात्र मला कधीच आवडला नाही. तो बघून केलेला नाही, मासिकांतल्या गावगप्पांवरून उचललेला आहे, आणि त्यात तिच्या अभिनयाचं काहीच नाही.

बग्ज बनीचं गाजर चघळणंही अशाच निरीक्षणातून आलं. १९३४च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये क्लार्क गेबल कुंपणाला टेकून गाजर खात खात भराभर बोलतो. बॉब क्लॅम्पेट यांनी पुढे सांगितलं, की सशाची ती बेफिकीर ढब तिथून घेतली. आज गाजर म्हटलं की जगभर ससा आठवतो, गेबल नाही. फॉगहॉर्न लेगहॉर्न हा बडबड्या कोंबडाही तसाच. रेडिओवरच्या फ्रेड अ‍ॅलन यांच्या कार्यक्रमात केनी डेल्मार ‘सिनेटर क्लॅगहॉर्न’ नावाचं दक्षिणी पुढाऱ्याचं सोंग करीत. त्या काळी देशभर गाजलेल्या या आवाजाचं आज काही उरलं असेल, तर ते कोंबड्याच्या गळ्यात उरलं आहे.

आता त्या सूर्याच्या कार्टूनबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘पिंगो पाँगो’ आज टेलिव्हिजनवर दाखवलं जात नाही. १९६८मध्ये, तेव्हा या कार्टूनचे हक्क असलेल्या युनायटेड आर्टिस्ट्सने ज्या अकरा कार्टूनचं प्रक्षेपण कायमचं थांबवलं, त्यांत ते आहे. कारण त्या बेटावरची माणसं. जाड ओठांची, काळी, नाचणारी अशी त्यांची चित्रं आहेत, आणि ती दक्षिण समुद्रातल्या कोणत्याही माणसाकडे बघून काढलेली नाहीत. गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून करायच्या जुन्या खेळांमधून ती जशीच्या तशी आली. त्याच यादीत क्लॅम्पेट यांचं १९४३चं ‘कोल ब्लॅक’ही आहे. त्यातल्या हालचालींचा वेग आणि जोम विलक्षण आहे, आणि म्हणून ते बघताना जास्त त्रास होतो. फिट्झपॅट्रिक यांच्या आवाजातला गोडवा ज्या एव्हरींना इतका अचूक ऐकू आला, त्यांनाच बेटावरच्या माणसांकडे एकदाही नीट बघावंसं वाटलं नाही. मी विद्यार्थ्यांना सूर्य दाखवते तेव्हा हेही सांगते, आणि सांगितल्याशिवाय सूर्य दाखवत नाही.

पालुपदाचं सगळ्यात सुंदर काम मला चक जोन्स यांच्या १९५०च्या ‘एट बॉल बनी’त दिसतं. त्याआधी दोन वर्षं जॉन ह्यूस्टन यांचा ‘द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’ आला होता. त्यात बोगार्टने साकारलेला फाटका डॉब्ज मेक्सिकोतल्या टॅम्पिको गावात पांढऱ्या सुटातल्या एका अमेरिकन माणसाकडे भीक मागतो. तो माणूस म्हणजे स्वतः ह्यूस्टन. डॉब्ज त्याचा चेहरा बघतच नाही, फक्त हात बघतो. त्यामुळे एकाच माणसाकडे तो तीन वेळा हात पसरतो आणि तिसऱ्यांदा ऐकून घेतो, की यापुढे स्वतःचं स्वतः बघ. म्हणजे मूळ सिनेमातच तीन वेळांचं पालुपद होतं, आणि ते करुण होतं.

जोन्स आणि माल्टीज यांनी ती तीन वेळांची रचनाच उचलली. बग्ज एका पिटुकल्या पेंग्विनला घरी, दक्षिण ध्रुवावर पोहोचवायला निघाला आहे. वाटेत एके ठिकाणी दाढी वाढलेला, हॅट चुरगळलेला बोगार्ट समोर येतो आणि आपल्या एका देशबांधवाला मदत करा म्हणतो. बग्ज नाणं देतो. पुढे हजारो मैलांवर तो पुन्हा भेटतो. त्याच्या येण्याला कार्टूनमध्ये काही कारण नाही, आणि गोष्टीचा एक धागाही त्याच्यात गुंतलेला नाही. शेवटी कळतं, की पेंग्विनचं घर दक्षिण ध्रुवावर नाही, न्यू जर्सीतल्या होबोकनमध्ये आहे. बग्ज वेडापिसा होतो आणि नेमका तेव्हा बोगार्ट येतो. या खेपेला बग्ज पेंग्विन त्याच्या हातात कोंबतो आणि पळ काढतो. दोनदा निरर्थक वाटलेलं येणं तिसऱ्यांदा गोष्ट सोडवून जातं. एग्हेडचंही तेच होतं. पालुपद म्हणजे नुसती पुनरावृत्ती नाही. पहिल्या वेळी प्रेक्षकाला कळत नाही, दुसऱ्या वेळी तो ओळखतो, आणि तिसऱ्या वेळी तो वाट बघत असतो. त्या वाट बघण्याला वेगळंच काहीतरी हाती द्यायचं, हे खरं काम.

जोन्स यांनी हे काम रोड रनरच्या मालिकेत टोकाला नेलं. १९४९च्या ‘फास्ट अँड फ्युरी-अस’पासून कोल्ह्यासारखा एक कोयोटी एका पक्ष्यामागे धावतो, अ‍ॅक्मी कंपनीकडून यंत्रं मागवतो आणि दरीत पडतो. मार्क ट्वेन यांच्या ‘रफिंग इट’मधलं भुकेल्या कोयोटीचं वर्णन जोन्स यांनी लहानपणी वाचलं होतं, त्यातून हा प्राणी आला. प्रत्येक कार्टूनमध्ये तो त्याच कड्यावरून पडतो आणि वरून बघताना खाली धुळीचा एक बारीकसा ढग उठतो. या पडण्याचा हिशेब जोन्स सांगत: कोयोटी दिसेनासा व्हायला अठरा फ्रेम, आणि त्यानंतर चौदा फ्रेमनी आदळणं. एखाद्या फ्रेमचा फरक पडला तरी हसू हरवतं, असं त्यांचं म्हणणं होतं. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. मी वर्गात बारा, चौदा आणि सोळा फ्रेमचे तीन नमुने काढून दाखवते. कोणता कोणता आहे हे न सांगता. पोरं चौदा निवडतात.

त्या पक्ष्याचा ‘बीप-बीप’ आवाज पार्श्वचित्रं रंगवणाऱ्या पॉल जुलियन यांचा. हातात मोठी चित्रं घेऊन स्टुडिओच्या बोळातून जाताना समोरचं दिसायचं नाही, म्हणून लोकांनी बाजूला व्हावं यासाठी ते असा आवाज काढत. आवाजाची जबाबदारी सांभाळणारे ट्रेग ब्राउन यांनी तो ध्वनिमुद्रित करून घेतला. संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांचीही गोष्ट अशीच. वॉर्नरच्या गाण्यांचा तो साठा त्यांच्या हाताशी होता, आणि पडद्यावर जे चाललं असेल त्याच्याशी नाव जुळणारं गाणं ते दोन-चार सेकंद वाजवून जात. रेमंड स्कॉट यांची ‘पॉवरहाउस’ ही १९३७ची धून त्यांनी यंत्रांच्या दृश्यांना इतक्या वेळा लावली, की पुढच्या पिढ्यांना ती कारखान्याचाच आवाज वाटू लागली.

हे सारं मोठ्यांसाठी होतं. रात्रीच्या खेळाला आलेल्या, बोगार्ट-गार्बो ठाऊक असलेल्या प्रेक्षकांसाठी. मुलांकडे ते कसं आलं, हा व्यवहाराचा इतिहास आहे. १९५६मध्ये वॉर्नरने १९४८च्या आधीची आपली रंगीत कार्टून एका वितरण कंपनीला विकून टाकली, कारण त्यांत आता पैसा नाही असं त्यांना वाटलं. त्या कंपनीने ती टेलिव्हिजनला दिली. तिथून तो साठा युनायटेड आर्टिस्ट्सकडे, मग एमजीएमकडे आणि १९८६मध्ये टेड टर्नर यांच्याकडे गेला. टर्नर यांनी कार्टून नेटवर्क काढलं, आणि १९९५मध्ये ते भारतात आलं. म्हणून आपल्याकडे केबलवर सुरुवातीला जी वॉर्नर कार्टून दिसली, त्यांत चाळिशीच्या दशकातल्या या जुन्या नकला भरपूर होत्या. डोंबिवलीतला माझा भाचा अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी, आवाज नाकात ओढून एका वेड्या शास्त्रज्ञाची नक्कल करायचा. तो शास्त्रज्ञ १९४६च्या ‘हेअर-रेझिंग हेअर’मधला, आणि त्याचा चेहरा-आवाज पीटर लॉरे यांचा. फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’मध्ये खुन्याची भूमिका करून जगाला हादरवणाऱ्या नटाची लकब डोंबिवलीच्या पोराकडे बरोबर पोहोचली होती. पोहोचवली होती एका अ‍ॅनिमेटरच्या हाताने. १९९१च्या ‘रेन अँड स्टिम्पी’मधल्या रेनचा आवाजही लॉरेवरूनच घेतला आहे.

टेलिव्हिजनवर ही कार्टून बघत वाढलेल्या पिढीने पुढे स्वतःच्या मालिका काढल्या. ‘अ‍ॅनिमेनियाक्स’, ‘फॅमिली गाय’, आणि ‘साउथ पार्क’, ज्यात केनी हा मुलगा पहिली काही वर्षं जवळपास प्रत्येक भागात मरायचा. यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला एकाच पालुपदाबद्दल सांगायचं आहे: ‘द सिम्पसन्स’च्या सुरुवातीला कुटुंब धावत येऊन सोफ्यावर बसतं तो प्रसंग. १९८९मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत जवळपास दर भागात तो थोडा वेगळा असतो. त्यामागे एक व्यवहारी सोय आहे. भाग आखूड पडला तर सोफ्याचा प्रसंग लांबवायचा, लांबला तर आखडायचा. ५४० फुटांची जुनीच अडचण, आणि तिच्यावर शोधलेला नवा मार्ग.

१० ऑक्टोबर २०१० रोजी हा प्रसंग बँक्सी या ब्रिटिश भित्तिचित्रकाराने रचला. कुटुंब सोफ्यावर बसतं आणि चित्र मागे सरकतं. एका अंधाऱ्या आशियाई कारखान्यात रांगेने बसलेल्या बायका सिम्पसन्सची सेल, म्हणजे पारदर्शक तावांवरची चित्रं, रंगवताना दिसतात. खाली तळघरात मांजरांची लव काढून बाहुल्यांत भरली जाते, थकलेल्या युनिकॉर्नच्या शिंगाने डीव्हीडीला भोकं पाडली जातात. शेवटी मालिकेच्या निर्मात्या कंपनीचं बोधचिन्ह, भोवती काटेरी तारा. या मालिकेचं अ‍ॅनिमेशन खरोखरच दक्षिण कोरियात होतं, आणि हा प्रसंगही तिथल्याच अ‍ॅकॉम स्टुडिओत काढला गेला. स्टुडिओचे संस्थापक नेल्सन शिन यांनी आक्षेप घेतला. आपल्याकडची माणसं अशा अंधारकोठडीत बसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला शिन यांचा राग समजतो. नव्वदच्या दशकात मीही मुंबईच्या एका स्टुडिओत परदेशी मालिकांसाठी दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढली आहेत. आमची खोली वातानुकूलित होती, खिडकीला पडदे होते आणि दुपारी चहा यायचा. दया नको होती. शेवटच्या श्रेयनामावलीत नाव हवं होतं, ते नव्हतं. टर्माइट टेरेसमध्येही शाई-रंगाच्या विभागातल्या बायकांची नावं कधी पडद्यावर आली नाहीत. बग्जची प्रत्येक रेष सेलवर त्यांनी उतरवली. १९४१च्या मे महिन्यात कामगार संघटनेला मान्यता मागणाऱ्या लोकांना श्लेसिंगर यांनी सहा दिवस दाराबाहेर ठेवलं. नंतर करार झाला आणि पगार वाढले, पण श्रेयनामावली होती तशीच राहिली. बँक्सीच्या त्या प्रसंगाला मी नावं ठेवत नाही. त्याने कारखाना दाखवला, हे चांगलंच केलं. पण तिथे बसलेल्या बायकांना चेहरे दिले नाहीत. वीस वर्षं दर भागात पाच जणांना सोफ्यावर बसवणाऱ्या हातांची नावं त्या एका रविवारी, दोन मिनिटांत पडद्यावर सहज बसली असती.